पट्टी लावण्याआधी पिवळेपणा ओळखा

तुळशीचं लग्न लागलं की वाशिम जिल्ह्यात खऱ्या लग्नांची धांदल सुरू होते. सोयाबीन विकून झालेलं असतं, हातात थोडा पैसा खेळत असतो. शालू, सोनं, बँड, आचारी या जुन्या यादीत अलीकडे एक चपटी डबी शिरली आहे. दात पांढरे करणाऱ्या पट्ट्यांची. मोबाइलवर मागवली की कुरियरवाला ती रिसोडला, मानोऱ्याला घरपोच देतो. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, कुणाला सांगावंही लागत नाही. प्री-वेडिंगच्या फोटोंत दात दिसेपर्यंत हसायचं असतं, त्याची ही गुपचूप तयारी.

डबीत चंदेरी पाकिटं असतात. एका पाकिटात सहसा दोन पट्ट्या, एक वरच्या दातांसाठी आणि एक खालच्या. पट्टी म्हणजे पातळ, पारदर्शक, लवचीक प्लॅस्टिक. एका अंगाला जेलचा थर. मागचा कागद सोलायचा, जेलची बाजू दातांवर बसवायची, कड हिरडीला भिडू द्यायची पण हिरडीवर चढवायची नाही, आणि उरलेला भाग दातांच्या मागे दुमडायचा. साधारण अर्धा तास तसंच राहायचं. या अर्ध्या तासात तोंडात लाळ जमते, बोलणं बोबडं होतं, आणि नेमका तेव्हाच मामांचा फोन येतो! पट्टी एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंतचे किंवा फार तर त्यापुढचा एकेक दात झाकते. दाढांचा रंग आहे तसाच राहतो.

जेलमधलं मुख्य द्रव्य बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. जखमेवर टाकल्यावर फेसाळतं ते, केस भुरे करायला पार्लरमध्ये वापरतात तेही. दातांसाठी ते उपयोगी पडेल हे कळलं योगायोगानं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बिल क्लुस्मायर हे दात सरळ करणारे डॉक्टर रुग्णांच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी पेरॉक्साइडचं जंतुनाशक देत होते. हिरड्या सुधारल्या, आणि दातही उजळलेले दिसले. १९८९मध्ये हेवूड आणि हेमन या दोन दंतवैद्यांनी रात्रभर साचा घालून दात उजळवण्याची रीत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं साचा काढून टाकला आणि २००१मध्ये क्रेस्ट व्हाइटस्ट्रिप्स या नावानं पट्ट्या अमेरिकेतल्या दुकानांत आणल्या. त्या पहिल्या पट्ट्यांत पेरॉक्साइड होतं ५.३ टक्के; दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, १४ दिवस असा त्यांचा क्रम होता.

दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, दगडासारखं कठीण असलं तरी पेरॉक्साइडचे सूक्ष्म रेणू त्यातून आत झिरपतात. आतल्या डेंटीनच्या थरात रंग धरून बसलेले मोठे रेणू ते फोडतात. तुकडे लहान झाले की त्यांचा रंग फिका पडतो. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटीन जाड होतं आणि त्याचा पिवळेपणा बाहेर दिसू लागतो. चहा-कॉफीचा रंगही वर्षानुवर्षं मुरत जातो. या दोन्हींवर पट्टी चांगली चालते. अडचण अशी की वाशिमकडचा पिवळेपणा पुष्कळदा या जातीचा नसतोच.

तो कुठून येतो, हे कुठल्याही पानठेल्यावर उभं राहिलं की दिसतं. सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेलेवाला तळहातानं घोटतो, रबर लावून पुडी हातात देतो. हा खर्रा. महाराष्ट्रानं २०१२च्या जुलैत गुटख्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुपारीही तिच्या कक्षेत आणली; घोटणं काही थांबलं नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूर न निघणारा तंबाखू वापरत असल्याचं आढळलं, म्हणजे चौघांत जवळपास एक. नवरदेव आणि त्याचे मित्र या हिशेबाबाहेर असतील, असं समजायला काही आधार नाही.

खर्ऱ्याचा तपकिरी रंग बराचसा दाताच्या वर बसतो आणि किटणात अडकतो. किटण म्हणजे लाळेतल्या क्षारांनी दगड झालेला मळ. त्याच्यावर पट्टी चिकटवली तर जेल दाताला नीट टेकतच नाही; पैसे किटण उजळवण्यात जातात. तिथं आधी लागते ती स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडची सफाई. कित्येकांचे दात एवढ्यानंच इतके निवळतात की पट्टीची गरज उरत नाही. शिवाय या भेटीत डॉक्टर तोंड उघडायला लावतात, आणि खर्रा खाणाऱ्यासाठी ते दातांच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडणं कमी कमी होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल किंवा गालात पांढरा चट्टा असेल, तर पट्टीची डबी बाजूला ठेवून जिल्हा रुग्णालयातली दातांची ओपीडी गाठावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

दात पांढरेशुभ्रच हवेत ही हौसही तशी सगळ्या काळांची नाही. लोहाचा क्षार आणि मायफळासारखी तुरट द्रव्यं असलेली मिस्सी लावून दात मुद्दाम काळे करणाऱ्या बायका दख्खनेत होत्या, आणि ते देखणेपणाचं लक्षण मानलं जाई. आजच्या वधूला हे कुणी सुचवून पाहावं!

आणखी एक रंग पाण्यातून येतो. वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणी या भागांतल्या काही गावांच्या विहिरी-बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, मुलानं याहून जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायलं की पुढे दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग उमटतात. सोयरीक जिल्ह्याबाहेर होतेच, तेव्हा असे दात वाशिमच्या मांडवातही दिसतात. अशा दातांवर पट्टी लावली तर सुरुवातीला पांढरे चट्टे जास्तच उठून दिसू शकतात. त्यांच्यासाठी डागाचा वरचा थर हलका घासून काढणं किंवा त्यात रेझीन मुरवणं असे उपाय दंतवैद्याकडे असतात; घरी करायचं हे काम नव्हे.

मग पट्टी चालते की नाही? चालते. कॉक्रेन या संस्थेनं २०१८मध्ये घरगुती दात-उजळणीच्या ७१ चाचण्या तपासल्या. न उजळवण्यापेक्षा या उपायांनी दात पांढरे होतात असं त्यांत दिसलं, पण पुरावा कमी विश्वासाचा आणि बहुतेक चाचण्या थोड्या काळाच्या होत्या. दोन त्रास पुन्हा पुन्हा नोंदले गेले, दातांना सणक आणि हिरड्यांची जळजळ. थंड पाण्याच्या घोटासरशी कळ येते ती बहुधा काही दिवसांत जाते. एक दिवसाआड पट्टी लावली आणि पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट वापरली तर सोसवते. हिरडीवर जेल चढलं तर तिथं पांढरा डाग पडतो. पट्टीच्या अगदी आधी ब्रश घासला तर ही जळजळ वाढते, म्हणून दात नुसते पुसून कोरडे केलेले बरे. कीड, तडा किंवा उघडं पडलेलं मूळ असलेल्या दातावर हा प्रयोग करूच नये. गरोदर स्त्रियांनी आणि लहान वयाच्या मुलांनीही नाही.

युरोपीय संघानं याबाबत हात आखडता घेतला आहे. तिथं ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइड असलेलं उत्पादन ग्राहकाला थेट विकता येत नाही. सहा टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्यामार्फत, तेही १८ वर्षांवरच्यांनाच. अमेरिकेत दहा टक्क्यांच्या आसपासच्या पट्ट्या दुकानात सहज मिळतात. आपल्याकडे ऑनलाइन दोन्ही तऱ्हेचा माल दिसतो, तेव्हा डबीवर द्रव्याचं नाव आणि टक्केवारी छापलेली नसेल तर ती परत पाठवावी. काही पट्ट्यांवर ‘पेरॉक्साइड नाही’ असं लिहून पीएपी नावाचं द्रव्य घातलेलं असतं. त्याने सणक कमी येते असा दावा असतो, पण पेरॉक्साइडइतका त्याचा अभ्यास झालेला नाही. आणि विदर्भातला मे महिना लक्षात ठेवावा. पेरॉक्साइड उष्णतेनं विघटित होतं. पारा ४२ अंशांच्या पुढे असताना गोदामात आणि गाडीत तापत आलेल्या डबीचा जोर आधीच उतरलेला असू शकतो.

फुकटातल्या उपायांत लिंबू-मीठ सगळ्यांत वाईट. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच असतो आणि इनॅमल साडेपाचच्या खालीच विरघळू लागतं. दात क्षणभर चकचकीत वाटतात, कारण वरचा थर गेलेला असतो. राखुंडी आणि कोळशाची पूडही खरखरीत. मळ खरवडतात, आतला रंग बदलत नाहीत.

लग्नाची तारीख हातात असेल तर मागे मोजत यावं. आधी तपासणी आणि सफाई, हिरड्या बऱ्या व्हायला आठवडाभर, मग दोन आठवडे पट्ट्या. त्यानंतरही रंग एक-दोन आठवडे थोडा मागे सरकून स्थिरावतो. पुढच्या दातावर सिमेंट भरलेलं किंवा टोपी बसवलेली असेल तर ती पट्टीनं उजळत नाही. शेजारचे दात पांढरे आणि मधला एकटा जुन्या रंगाचा, असा फोटो येतो. भरणं किंवा टोपी बदलायची असेल तर ती पट्ट्या संपल्यावर दोन आठवड्यांनी, नव्या रंगाशी जुळवून बदलावी, कारण ताज्या उजळलेल्या दातात राहिलेला ऑक्सिजन भरणाची पकड कच्ची करतो. एकूण दीड-दोन महिने लागतात. हळदीच्या आदल्या आठवड्यात मागवलेल्या डबीला एवढा वेळ मिळत नाही.