मोटारीचे मागले ब्रेक : घरी बदलण्याची साधने व रीत

शहाद्याहून तोरणमाळास जाणारी मोटार चढताना किती कष्ट घेते, हे इंजिनाच्या आवाजावरून कोणासही कळते. उतरताना ती जे कष्ट घेते, त्यांचा मात्र आवाज होत नाही. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. एक हजार किलो वजनाची मोटार एक हजार मीटर खाली आली म्हणजे सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेने ३० लिटर थंड पाणी उकळीस येईल. यांतील काही भाग वारा घेतो, गाडी खालच्या गिअरमध्ये असल्यास बराच भाग इंजिन घेते, आणि उरलेला सारा ब्रेकांच्या माथी येतो. चांदसैलीच्या घाटाने धडगावहून तळोद्यास, किंवा देवगोईच्या घाटाने मोलगीहून अक्कलकुव्यास ये-जा करणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. सातपुड्यातील पाड्यांपासून दुरुस्तीचे कारखाने दूर असतात. तेव्हा हे काम पुष्कळदा अंगणातच उरकले जाते. उरकले जाते, हीच त्यातली धास्तीची बाब होय.

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क व मागे ड्रम अशी ब्रेकची योजना असते. ड्रम ब्रेकची कल्पना लुई रेनॉल्ट या फ्रेंच कारखानदाराने १९०२ साली रूढ केली. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा म्हणजे ड्रम. त्याच्या पोटात अर्धचंद्राकार दोन शू बसविलेले असतात आणि त्यांवर घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनर, असते. पायाखालचे पेडल दाबताच तेलाचा दाब चाकाजवळच्या लहान सिलिंडरात पोचतो, त्यातील दोन दट्टे बाहेर सरकतात व शू ड्रमला आतून भिडतात. यात एक गंमत आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून अधिकच घट्ट धरतो, मागच्या शूला मात्र लोटून देतो. म्हणूनच काही गाड्यांत दोन्ही शूंचे लायनर सारखे नसतात, आणि त्यांची अदलाबदल झाली की ब्रेक लागतो खरा, पण नीट लागत नाही.

हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा फार वर येऊ लागला, पेडल खोल जाऊ लागले किंवा मागून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर ड्रम उघडून पाहावा. लायनर एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर तो बदलण्यास आलाच. नेमके माप त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. एका चाकाचे शू झिजले तरी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगास ओढते.

साधने थोडी, पण ती खरी हवीत. चाकाचा पाना, जॅक, मजबूत लोखंडी घोड्या, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडा, ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट, नट ठरावीक जोराने आवळण्याचा टॉर्क पाना, ब्रेक साफ करण्याचा फवारा, डोळ्यांना चष्मा व तोंडाला मास्क. यांत घोडी नाही म्हणून जॅकवरच भागविणे हा शुद्ध अविचार आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नव्हे. अंगण सारवलेले, मऊ मातीचे असेल तर जॅक व घोडी यांच्याखाली जाड फळी घालावी. जागा सपाट असावी. हँडब्रेक ओढलेला असला तर ड्रम निघत नाही, म्हणून तो सोडावा लागतो; यासाठीच पुढच्या दोन्ही चाकांस दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकाव्यात व गाडी गिअरमध्ये ठेवावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत.

एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली म्हणजे कोणती स्प्रिंग कोठे होती, याचा तीच नकाशा ठरते. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तर अधिकच उत्तम. ड्रम गंजाने धरून बसला असेल तर त्यावरील आट्यांच्या दोन भोकांत ते दोन बोल्ट आळीपाळीने फिरवीत जावे, तो आपोआप बाहेर येतो. ज्या गाडीत ड्रम व हब एकच असतात, तेथे मधले झाकण, खिळ व मोठा नट काढावा लागतो.

आत काळी धूळ दिसेल. ती तोंडाने किंवा हवेच्या नळीने कदापि फुंकू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की वर्षांनंतर कर्करोगासारखे रोग उद्भवू शकतात. फवाऱ्याने ती भिजवून ओल्या फडक्याने पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकावे.

मग सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून पाहावी. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. नवे शू घालून काही उपयोग नाही, कारण तेलाने माखलेला लायनर घसरतो. ड्रम उघडा असताना पेडलवर पाय पडू देऊ नये. दट्टे बाहेर उडतात. घरातील मुलांना तेवढा वेळ गाडीत बसू न देणे बरे.

शू धरून ठेवणाऱ्या टाचणीची स्प्रिंग दाबून पाव फेरा फिरविली की ती सुटते. मोठ्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात, म्हणून चष्मा येथे हवाच. हँडब्रेकची तार मागच्या शूच्या दांड्यातून काढावी व नवे शू उलट क्रमाने बसवावेत. पाठीच्या पत्र्यावर जेथे शू टेकतात, तेथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी नखभर लावावे. लायनरला बोटाचा तेलकट ठसाही लागू देऊ नये. ड्रमला आतून खोल चरे असतील तर तो लेथवर कातून घ्यावा, मात्र त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे जाऊ नये.

सिलिंडर बदलला असेल तर नळीत हवा शिरते आणि पेडल लोण्यासारखे मऊ लागते. ती काढण्यास दोन माणसे हवीत. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने खालचा निपल क्षणभर उघडून बंद करावा, आणि तो बंद झाल्याखेरीज पहिल्याने पाय उचलू नये. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालते. वरच्या टाकीतील तेल मध्येच संपू देऊ नये. हे तेल हवेतील ओलावा शोषते. कोरडे असता डॉट ३ जातीचे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. मग लांबच लांब घाटात ते उकळते, वाफ दबते आणि पेडल तळास जाते. सातपुड्याच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली म्हणूनच वापरू नये.

सर्व जुळल्यावर गाडी हलविण्याआधी पेडल अनेकदा दाबून ते कडक झाल्याची खात्री करावी, हँडब्रेकही ओढून पाहावा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, माणूस चालतो त्याहून थोड्या अधिक वेगाने घ्यावी. नवे लायनर ड्रमशी जुळण्यास काही दिवस सपाट रस्त्यावर हलक्या ब्रेकांचे चालणे लागते. तोवर चांदसैलीचा घाट टाळावा. पहिल्या फेरीनंतर दोन्ही ड्रमांजवळ, स्पर्श न करता, हात धरून पाहावा. एकच बाजू तापली असेल तर तेथील शू घासत आहे, आणि ते चाक पुन्हा उघडावयास हवे.