बाटलीवर छापायचं काय?

बिस्किटाच्या साध्या पुड्यावरही कॅलरी, साखर, मेद यांचा तक्ता असतो. दारूच्या बाटलीवर मात्र तो बहुतेक देशांत नसतो. युरोपीय संघाच्या २०११च्या नियमांनी १.२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयांना यातून सूटच दिली. वाइनची सूट डिसेंबर २०२३मध्ये संपली, तरी घटकांची यादी क्यूआर कोडमागे ठेवायची मुभा राहिली. बिअर, व्हिस्की अजूनही सुटलेल्याच.

हिशेब अवघड नाही. एका ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, अल्कोहोलमधून ७. म्हणजे १३ टक्के अल्कोहोलच्या ७५० मिलिलिटर वाइनमधून नुसत्या अल्कोहोलच्याच साधारण ५४० कॅलरी पोटात जातात. मधुमेह असलेल्या किंवा वजन उतरवायला धडपडणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं.

कॅलरींहून गंभीर गोष्ट कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणी धोका वाढतो. आयर्लंडने २०१८मध्ये कायदा केला आणि २०२३मध्ये लेबलाचे नियम काढले: कॅलरी, अल्कोहोलचे ग्रॅम, गरोदरपणातला धोका, यकृताचे आजार आणि जीवघेण्या कर्करोगाशी असलेला थेट संबंध, सगळं बाटलीवर. इटली, फ्रान्स, स्पेन या वाइन बनवणाऱ्या देशांनी हरकत घेतली. तरीही मे २०२६ ही तारीख ठरली होती. जुलै २०२५मध्ये सरकारने जागतिक व्यापारातल्या अनिश्चिततेचं कारण देऊन ती सप्टेंबर २०२८वर ढकलली. नवी लेबलं लावलेल्या काही बाटल्या तोवर दुकानांत पोचल्याही होत्या. छपाईची अडचण नव्हतीच. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे. धोका सांगायला व्यापाराचा मुहूर्त कशाला पाहायचा?

कॅनडातल्या युकॉनमध्येही हेच घडलं होतं. २०१७च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारी दारू दुकानात अभ्यासासाठी कर्करोगाचा इशारा बाटल्यांवर चिकटवला गेला. उद्योगाच्या विरोधामुळे महिनाभरात काम थांबलं. पुढे ते सुरू झालं, पण कर्करोगाची चिठ्ठी वगळून.

भारतात २०१९पासून बाटलीवर इशारा सक्तीचा आहे: मद्यसेवन आरोग्याला अपायकारक, पिऊन गाडी चालवू नका. कर्करोगाचा उल्लेख त्यात नाही आणि पोषणाचा तक्ता सक्तीचा नाही. किती ग्रॅम अल्कोहोल, किती कॅलरी आणि कर्करोगाचा धोका, एवढ्या तीन गोष्टी महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत यायला हव्यात.