जन्म कितव्या आठवड्यातला?

सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आले, अंगावर दूध ओढू लागले, वजन दोन किलोच्या घरात गेले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. तो टाकावाच. पण बाळाच्या फुफ्फुसांचा हिशेब त्या दिवशी मिटलेला नसतो. खरे वायुकोश मुख्यतः ३६व्या आठवड्यानंतर आकार घेतात आणि जन्मानंतरही काही वर्षे वाढत राहतात. २७व्या-२८व्या आठवड्यातल्या बाळाला हे बांधकाम पोटातल्या पाण्याऐवजी हवेत, जादा ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरचा दाब सोसत पुरे करावे लागते. त्यातून होणाऱ्या इजेचे वर्णन विल्यम नॉर्थवे यांनी १९६७ साली केले. बीपीडी, म्हणजे ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेझिया, हे नाव तेव्हापासूनचे.

त्या काळची यंत्रे राकट होती, आता तसे नाही, असा आक्षेप इथे येतो. तो निम्मा खरा आहे. आईला प्रसूतीआधी देण्याची स्टेरॉइड इंजेक्शने आणि बाळाच्या श्वासनलिकेत सोडायचे, वायुकोश उघडे ठेवणारे सरफॅक्टंट यांनी असंख्य जीव वाचवले. मात्र वाचलेल्यांची फुफ्फुसे त्याच प्रमाणात सुधारली का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने दिले. तिथे १९९१-९२, १९९७ आणि २००५ या तीन काळांत २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली मुले आठ वर्षांची झाल्यावर तपासली गेली. शेवटच्या तुकडीला नळी घालण्याऐवजी नाकातून हलका दाब देण्यावर अधिक भर होता. तरीही तिची श्वास बाहेर फेकण्याची ताकद वाढली नाही, उलट आधीच्यांपेक्षा थोडी कमीच भरली. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. केवळ उपचार सौम्य झाले म्हणून पुढची चिंता सोडता येणार नाही, हे त्यांतून दिसते.

आठ वर्षांच्या वयात थोडी कमी ताकद असली तर बिघडले कुठे? मूल तर पळते, खेळते. बिघडते ते पुढे. माणसाच्या फुफ्फुसांची क्षमता विशीत-पंचविशीत शिखर गाठते आणि मग आयुष्यभर उतरत जाते. शिखरच ठेंगणे असले तर नेहमीच्या वेगाने उतरूनही माणूस धाप लागण्याच्या पायरीवर लवकर पोचतो. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आजार, झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुफ्फुसे चाळिशीच्या आतच कमी क्षमतेची होती, असे २०१५ साली दीर्घ पाहणीतून दिसले. सिगारेट आणि चुलीचा धूर ही कारणे आपल्याला ठाऊक आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म हेही कारण असू शकते, हे ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेने आता मान्य केले आहे. जगात सर्वाधिक अपुऱ्या दिवसांची बाळे भारतात जन्मतात, २०२०मध्ये सुमारे ३० लाख. म्हणून हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

यावर कुणी म्हणेल, पालकांना उगाच घाबरवू नका. यातली बहुतेक मुले धडधाकट वाढतात हे खरेच, आणि धोका सर्वाधिक असतो तो ३२ आठवड्यांच्या आतल्या व बीपीडी झालेल्या मुलांना. पण भीती आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा मुलाची छाती वाजू लागली की सरसकट ‘बालदमा’ म्हटले जाते. ती घरघर पुष्कळदा ॲलर्जीच्या दम्याहून निराळी असते, त्यामुळे औषध लागू पडते का हे स्पायरोमेट्रीने, म्हणजे जोराने फुंकर मारायला लावून करायच्या तपासणीने, ताडून पाहणे गरजेचे ठरते. हरवलेले वायुकोश परत आणणारे औषध अजून नाही. तरी घरात विडी-सिगारेट न पेटणे, चुलीच्या धुरापासून मूल दूर ठेवणे, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, खेळायची मोकळीक, यांतून उरलेली ताकद जपता येते. तेव्हा डिस्चार्ज कार्ड फाइलच्या तळाशी टाकून देऊ नका. मूल सहा वर्षांचे झाले की ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा, जन्माचा आठवडा आणि ऑक्सिजनवर काढलेले दिवस सांगा, आणि एकदा ही फुंकर मारण्याची तपासणी मागा.