खाते बंद झाले, तर दाद कोठे मागावी?

कोल्हारच्या पेठेतील एखाद्या कापड दुकानाची कल्पना करावी. प्रवरेच्या दोन्ही काठांवरील गिऱ्हाइकांना नव्या मालाची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर जातात, मागणी तेथेच नोंदविली जाते, उधारीची आठवणही तेथूनच होते. ऐन लग्नसराईत एके सकाळी पडद्यावर सूचना उमटते : हे खाते आपणांस वापरता येणार नाही. कारण नाही, सही नाही, भेटावयास माणूस नाही. आडत्याशी बिनसले तर चार वडीलधारी मध्ये घालून बैठक बसविता येई. येथे बैठक कोणाशी बसवावी?

ही भीती पोकळ नव्हे. व्हॉट्सॲपने भारतीय नियमांनुसार दिलेल्या पहिल्याच अहवालात, १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात येथील सुमारे २० लाख खाती बंद केल्याचे नमूद आहे. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक खाती परवानगीविना घाऊक वा स्वयंचलित संदेश धाडल्यामुळे बंद झाली, असे कंपनीचे म्हणणे होते. दिवाळीचा सेल शेकडो अनोळखी क्रमांकांवर कळविणारा उत्साही दुकानदारही याच चाळणीत सापडू शकतो, हे ध्यानी असावे. गुजरातेतील एका अभियंत्याचे प्रकरण तर चटका लावणारे आहे. बालपणी आजी आपणांस न्हाऊ घालीत असल्याचे छायाचित्र त्याने साठवून ठेवले, आणि गूगलने ते आक्षेपार्ह ठरवून त्याचे खातेच बंद केले. मार्च २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने या प्रकरणी नोटीस काढली.

थेट सर्वोच्च न्यायालयात जावे, असे कोणास वाटेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲप खाते बंद झालेली एक व्यक्ती तेथे गेली होती. व्हॉट्सॲप वापरणे हा मूलभूत हक्क कसा, असे न्यायालयाने विचारले व याचिका ऐकली नाही. कायद्यातील अन्य मार्ग मात्र मोकळे ठेवले.

पहिला मार्ग २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचा. प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमावयाचा असतो. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय, अशी मूळ नियमांतील मुदत होती. निर्णय न पटल्यास ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. या समित्यांचे काम १ मार्च २०२३ पासून सुरू झाले.

दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. येथे व्यापाऱ्याची खरी अडचण आहे. मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. फुकटच्या खात्याबाबत कंपनीचा वकील हाच पहिला आक्षेप घेईल. शिवाय व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याने वगळली आहे. तथापि स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंस हे वगळणे लागू नाही. हेतू कसा पाहावा, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या न्यासाच्या प्रकरणात सांगितले. परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांचा नफा कमावण्याशी थेट संबंध नाही, म्हणून न्यास ग्राहकच ठरला. पतिपत्नी मिळून चालविणारे छोटे दुकान आणि दहा शाखांची पेढी यांना आयोग एकाच मापाने मोजणार नाही, असे आम्हांस वाटते. ज्यांनी जाहिरातीसाठी वा साठवणुकीसाठी पैसे भरले आहेत, त्यांनी त्या पावत्या प्राणपणाने जपाव्यात.

करारात परदेशातील न्यायालयाचे नाव असले तरी बिचकू नये. तक्रारदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगात दाद मागण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. कोल्हारकरांसाठी तो अहिल्यानगरचा आयोग होय. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. सबळ कारणाविना एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारे कलम हे अनुचित कराराचे लक्षण मानले आहे, परंतु तो मुद्दा राज्य आयोगापुढे मांडावा लागतो. पैशांच्या वॉलेटची गोष्ट निराळी : तेथे कंपनीने ३० दिवसांत समाधान न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

सूचना दिसताच तिचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये प्रमाणपत्र लागते, ते वकिलाकडून वेळीच करून घ्यावे. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि गिऱ्हाइकांची नावे, क्रमांक व येणे दर पंधरवड्यास खतावणीत उतरवावे. खाते परत मिळेपर्यंत दुकान त्याच वहीवर चालवावे लागेल.