वाघ जिथे पोचला नाही

बाली बेटावर गेल्या शतकापर्यंत वाघ होते. पूर्वेचं लोम्बोक बेट तिथून इतकं जवळ, की हवा स्वच्छ असेल तर त्याचा ज्वालामुखी पर्वत दिसतो. तरी वाघ पलीकडे पोचला नाही. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली गेला, जावा आणि बाली आशियाच्या जमिनीला जोडले गेले, पण मधली सामुद्रधुनी इतकी खोल की ती कोरडी पडलीच नाही. १८५६ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस ती ओलांडून गेला आणि चक्रावला. बालीतले ओळखीचे पक्षी दिसेनात, उलट ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे दिसायला लागले.

मग पलीकडच्या बेटांवर हरणं, रानडुकरं, रेडे यांची शिकार कोण करतं? आणखी पूर्वेला, सुंबावा आणि फ्लोरेस यांच्या मधे, कोमोडो, रिंचा, पाडार आणि बरीच छोटी बेटं आहेत. त्यांचं १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे वाघाची जागा एका सरड्याने घेतली आहे. आपल्या घोरपडीच्याच 'वरॅनस' प्रजातीतला हा प्राणी तीन मीटरपर्यंत वाढतो आणि सत्तर किलोच्या आसपास भरतो. शास्त्राच्या दफ्तरी तो दाखल झाला थेट १९१२ मध्ये! कोमोडो गावचे लोक त्याला 'ओरा' म्हणतात. माणूस आणि ओरा ही एकाच आईची जुळी लेकरं, अशी त्यांची कथा आहे.

तो चालताना पाहावा. दुभंगलेली पिवळट जीभ सारखी आतबाहेर होत असते. हवेतले गंधकण ती टिपते आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापाशी नेते. वारा अनुकूल असेल तर काही किलोमीटरवरचं मेलेलं जनावर त्याला कळतं. दात करवतीसारखे, मागे वळलेले. त्यांच्या टोकांवर आणि धारेवर नारिंगी झाक असते. ती झाक लोखंडाची आहे, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. दातांच्या कडांवर लोहाचा थर, म्हणून धार टिकते! आणि त्याच्या लाळेतल्या जंतूंनी शिकार सडून मरते, ही वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलेली गोष्ट २००९ मध्ये डळमळली. त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी सापडल्या. ते विष रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब पाडतं.

माद्यांची तऱ्हा याहून अद्भुत. इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांत माद्यांनी नराशिवाय पिल्लं निघणारी अंडी घातल्याचं २००६ मध्ये उघड झालं. अशा अंड्यांतून निघतात ते सगळे नर. रानातली पिल्लं मात्र जन्मल्याबरोबर झाडावर चढतात आणि पहिली काही वर्षं तिथेच काढतात, किडे आणि पाली खाऊन. खाली उतरलं तर मोठे ओरा त्यांनाही खातात.

बेटावर अडकला म्हणून हा सरडा एवढा मोठा झाला, असं बरेच दिवस वाटत होतं. मग ऑस्ट्रेलियात तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वीचे त्याचे जीवाश्म ओळखले गेले. तिथेही तो असाच अजस्र होता. ऑस्ट्रेलियातून तो नाहीसा झाला. या बेटांवर उरला. मला ही गोष्ट त्याच्या विषापेक्षा जास्त थरारक वाटते.

आता समुद्र. पॅसिफिकची इंडोनेशियाकडची पातळी हिंदी महासागरापेक्षा किंचित वर असल्याने पाणी सतत या बेटांच्या फटींतून दक्षिणेकडे लोटत असतं. भरती-ओहोटी त्यात जोर भरते. अरुंद वाटांत भोवरे फिरतात, खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. म्हणून उद्यानाच्या उत्तरेला पाणी उबदार, तर दक्षिणेला अंगावर काटा आणणारं. या मिश्रणावर प्रवाळांच्या शेकडो आणि माशांच्या हजारावर जाती पोसल्या जातात. उद्यानातल्या कारांग मकासारच्या उथळ पाण्यात मांटा हे महाकाय पाकट प्रवाहाला तोंड करून जागच्या जागी तरंगतात. पंखांचा पसारा तीन मीटरहून मोठा, आणि बोटाएवढे मासे त्यांच्या कातडीवरचे परजीवी टिपत असतात. किनाऱ्यांवरची गुलाबी वाळूसुद्धा समुद्राचीच करणी. फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या लाल कवचांचा चुरा पांढऱ्या वाळूत मिसळतो.

या समुद्रापुढे ओराही बिचकतो. त्याला पोहता येतं, पण बेट सोडून तो सहसा जात नाही. संशोधकांनी काही ओरांना त्याच बेटावर दूर नेऊन सोडलं, तर ते काही महिन्यांत आपल्या दरीत परतले. ज्यांना अरुंद खाडीपलीकडच्या बेटावर सोडलं, ते परतलेच नाहीत. पाडारवर हरणांची चोरटी शिकार झाली आणि तिथले ओरा संपले.

रानात आज सुमारे तीन हजारच ओरा उरले आहेत, बहुतेक सखल दऱ्यांतल्या झाडीत. २०२१ मध्ये त्यांची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. तापमानवाढ आणि चढता समुद्र यांमुळे येत्या ४५ वर्षांत त्यांच्या योग्य अधिवासाचा निदान ३० टक्के भाग जाईल, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. वर डोंगर आहेत, पण तिथे झाडी विरळ आणि शिकार कमी.