रेशनचा गहू आणि टक्कल

डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत डोकं खाजवलं की केसांचे पुंजके हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! बुलडाणा जिल्ह्यात बाधितांची संख्या पावणेतीनशेवर गेली. त्यांत कॉलेजच्या मुलीही बऱ्याच. आधी बुरशीवर संशय आला, मग पाण्यातल्या नायट्रेटवर. विषाणू कुणालाच सापडला नाही, पण ‘टक्कल व्हायरस’ हे नाव मात्र साथीसारखं पसरलं. जुळलेली लग्नं लांबली, काही मोडली. मुलांनी कॉलेज सोडून घर धरलं. अनेकांनी उरलेसुरले केसही उतरवून टाकले.

उत्तर शोधलं ते आपल्या रायगडच्या डॉक्टरांनी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगाला ठाऊक आहेत. त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. त्यात किलोमागे सुमारे 14 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं आणि गहू धुतला तरी ते फारसं उतरेना. उतरणार कसं? ते दाण्यावर बसलेलं नसतं, दाण्याच्या प्रथिनातच मुरलेलं असतं. हा गहू पंजाबकडून आल्याचं सांगितलं गेलं, आणि तिथल्या होशियारपूर-नवांशहर भागातली माती सेलेनियमयुक्त आहे, हे जुनंच ज्ञान.

रसायनशास्त्रात सेलेनियम हा गंधकाचा भाऊबंद. केसाचं केराटिन गंधकाच्या बंधांनी घट्ट राहतं. गंधकाच्या जागी सेलेनियम शिरलं की वीण कच्ची होते, असं मानलं जातं. गंमत म्हणजे हेच मूलद्रव्य शरीराला लागतंही, पण दिवसाला फक्त 55 मायक्रोग्रॅम.

केस परत येतात. बऱ्याच जणांचे काही आठवड्यांत येऊही लागले. मग एवढी घबराट कशाची? आपल्याकडे बाईचं बोडकं डोकं ही एके काळी वैधव्याची सक्ती होती. त्याविरुद्ध 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी केशवपनाला नकार दिला, तरी ती नजर पुरती गेलेली नाही. केस जातील या धास्तीनं केमोथेरपी नाकारणाऱ्या स्त्रियाही संशोधकांनी नोंदवल्या आहेत. अशा बाईला नुसतं ‘केस काय, पुन्हा येतील’ म्हणणं मला तरी अर्धवट उपचार वाटतो.

एप्रिल 2025 मध्ये त्याच गावांत लोकांची नखं गळू लागली. नखंही केराटिनचीच, संशयही पुन्हा सेलेनियमवरच. नखांपायी कुणाची सोयरीक मोडल्याचं मात्र ऐकिवात नाही.