पाच, तीन, सहा, तीन, पाच

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या मावशीच्या गच्चीवर मी रोज रात्री खडूने एक हात काढते. मानेतून निघणारी मज्जातंतूंची पाच मुळं, त्यांची तीन खोडं, सहा विभाग, तीन दोर आणि शेवटी पाच शाखा. हे जाळं म्हणजे ब्रॅकिअल प्लेक्सस. पाच, तीन, सहा, तीन, पाच असं पुटपुटत मी त्या रेषांवरून चालते. अडखळले की परत मानेपाशी. सकाळी मावशी गच्ची धुते, रात्री मी पुन्हा काढते.

पुस्तकात धमनी लाल, नीला निळी, मज्जातंतू पिवळा. डिसेक्शनच्या टेबलावर, फॉर्मॅलिनमधून आलेल्या देहात मात्र सगळंच फिकट, तपकिरी. म्हणून डोळ्यांआधी बोटं शिकतात. धमनी दाबली की जाड भिंतीची नळी लागते, नीला पातळ आणि चपटी, मज्जातंतू भरीव, सुतळीसारखा. स्कालपेल बहुतेक त्वचेपुरतं. पुढे काखेतली चरबी चिमट्याने थोडी थोडी काढायची, कात्री मिटून आत घालायची आणि आत गेल्यावर उघडायची. मग काही न कापता वाट होते. आम्हाला एका काखेला तीन दिवस लागले.

नाव शेवटी. आधी तंतू कुठून आला, कुठे गेला ते बघायचं. कोराकोब्रॅकिअॅलिस स्नायूच्या आरपार जातो तो मस्क्युलोक्युटेनिअस. दंडातली धमनी ओलांडतो तो मिडियन. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणतो तो अल्नर.

आमच्या टेबलावर मस्क्युलोक्युटेनिअसकडून मिडियनकडे जाणारा एक बारीक धागा निघाला. पुस्तकातल्या आकृतीत तो नव्हता. चरबीचा पदर समजून मी चिमटा लावणार, तोच मॅडमनी हात धरला. "असा जोड काहींमध्ये असतो. तोडू नकोस, वहीत काढ."

एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमात 'देह हाच पहिला गुरू' या अर्थाचा धडाच आहे. पहिल्या दिवशी आम्ही या देहासमोर शपथ घेतली, तेव्हा ते शब्द मी नुसते म्हटले होते. देहदान केलेले हे आजोबा. नाव आम्हाला ठाऊक नाही. आयुष्यभर दंडात बाळगलेला हा धागा त्यांनी स्वतः कधी पाहिला नाही. तो त्यांनी आम्हाला दाखवला.

त्या रात्री गच्चीवरच्या जाळ्यात मी ती जादा रेष जोडली. खाली येऊन मावशीला म्हटलं, "उद्या गच्ची धुऊ नकोस."